जत्रेत घासाघीस करावी का?

पवित्र मरियामातेच्या जन्माचा सण ८ सप्टेंबरला असतो. त्याला लागून येणाऱ्या रविवारपासून वांद्र्याला मोत माऊलीची जत्रा भरते आणि आठवडाभर चालते. ख्रिस्ती कुटुंबे येतात, तशीच हिंदू, मुसलमान, पारशीही येतात. टेकडीवर जाऊन मेणबत्ती वाहायची. कोणी मेणाचा हात किंवा पाय वाहतो, कोणी मेणाचे घर. मग उतरताना मुलांचा हट्ट सुरू होतो: फुगा हवा, पिपाणी हवी, कडियो-बोडियो हवेत. विक्रेता साठ रुपये सांगतो, आपण तीस म्हणतो. प्रायश्चित्त संस्काराला जाताना हे तीस रुपये कोणाला आठवत नाहीत. आठवायला हवेत का?

भाव करूच नये, असे म्हणणे सोपे आहे. पण ते खरे नाही. भाव होणार हे धरूनच विक्रेता आकडा चढा सांगतो. तीन मुलांना घेऊन आलेल्या बापाचा खिसाही काही भरलेला नसतो. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकातच हा विषय हाताळला आहे. वस्तू मोलापेक्षा जास्तीला विकणे जसे अन्यायाचे, तसेच मोलापेक्षा कमीत घेणेही अन्यायाचे, असे ते म्हणतात. मात्र वस्तूचे मोल काटेकोर मोजता येत नाही, तेव्हा थोडे इकडे-तिकडे झाल्याने न्याय मोडत नाही, हेही ते मान्य करतात. आपली घासाघीस बसते ती या थोड्याशा जागेत.

त्यांचा आणखी एक मुद्दा मोलाचा आहे. गिऱ्हाइकाची गरज मोठी आहे एवढ्याच कारणाने विक्रेत्याने भाव वाढवू नये. कारण ती गरज काही त्याच्या मालकीची नाही, मग तो ती विकणार कशी? हाच न्याय उलट लावून पाहा. विक्रेत्याची अडचण ही आपली कमाई नव्हे. मग तिच्या जोरावर आपण भाव पाडायचा कसा?

शेवटच्या रविवारची रात्र डोळ्यांसमोर आणा. माल उरला आहे, गाडी गाठायची आहे, ओझे परत न्यायचे आहे. अशा वेळी तो 'घ्या' म्हणतो. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ सालच्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात कामगाराविषयी सांगितले, की गरजेपोटी त्याने अपुरी मजुरी स्वीकारली तर तो अन्यायाचाच बळी ठरतो; त्याच्या होकाराने ती मजुरी न्याय्य होत नाही. जत्रेतला 'घ्या' यापेक्षा वेगळा आहे का?

कोणी म्हणेल, 'मी घेतले नसते तर त्याला काहीच मिळाले नसते.' खरे आहे. पण अपुरी मजुरी देणारा मालकही हेच म्हणतो. विक्रेत्याने आपणहून भाव उतरवला तर आनंदाने घ्यावे. तो त्याचा निर्णय आहे. त्याखाली आणखी दाबणे, तेही त्याचा नाइलाज दिसत असताना, हे वेगळे. कोविडमुळे २०२० साली जत्रा भरली नाही, तेव्हा या एका आठवड्यावर किती चुली अवलंबून असतात ते कळले.

म्हणून आकडा उच्चारण्याआधी एकच प्रश्न मनाशी विचारावा: हा माणूस मला 'नाही' म्हणू शकतो का? म्हणू शकत असेल तर खुशाल भाव करा. त्यात गंमत आहे, दोन शब्दांची ओळखही आहे. म्हणू शकत नसेल तर वाजवी पैसे द्या. पैसे कमी असतील तर लहान पिपाणी घ्या. शेजारी उभे असलेले मूल खेळण्याबरोबर हेही घरी नेत असते.