भंगाराचा भाव

ई-कचऱ्याचे नियम वाचायला घेतले तेव्हा माझा हेतू फारसा शुद्ध नव्हता. दोष कोणाचा हे ठरवायचे होते, आणि तो आपला निघू नये अशी आतून इच्छा होती. नियमांनी ती बऱ्यापैकी पुरवली.

आपल्याकडे या विषयाचे पहिले स्वतंत्र नियम २०११ साली निघाले आणि मे २०१२पासून लागू झाले. मग २०१६चे आले. सध्या चालू आहेत ते २०२२चे, १ एप्रिल २०२३पासूनचे. २०१६च्या नियमांत साध्या घरगुती ग्राहकावरही जबाबदारी होती: निकामी उपकरण अधिकृत साखळीतच द्यायचे. २०२२च्या नियमांत ती फक्त ‘मोठ्या ग्राहका’पुरती उरली, म्हणजे वर्षात केव्हाही किमान एक हजार उपकरणे वापरणाऱ्या संस्थेपुरती. मुख्य भार उत्पादकावर आला. त्याने विकलेल्या मालातून जेवढा कचरा निघेल असे धरले आहे, त्यातल्या आधी ६०, मग ७० आणि २०२७-२८पासून ८० टक्क्यांच्या पुनर्चक्रणाची प्रमाणपत्रे त्याने दाखवायची.

यात तथ्य आहे. वस्तू कशाची बनवायची, ती खोलून दुरुस्त करता येईल की नाही, हे उत्पादकच ठरवतो. आणि कोट्यवधी घरांच्या माळ्यांवर कोणते प्रदूषण नियंत्रण मंडळ पहारा ठेवणार? पण कायद्याने मला मोजले नाही, एवढ्याने माझा हिशेब पूर्ण होतो का?

तो हिशेब भंगारवाल्याच्या दराशी सुरू होतो. जुना टीव्ही किंवा मिक्सर तो दारातून नेतो आणि वर पैसे देतो. संकलन केंद्रावर वस्तू बहुधा आपणच न्यायची आणि मिळाले तर थोडे पैसे मिळणार. मी घासाघीस करतो, शंभर रुपये वाढवून मिळाले की दिवस चांगला गेला असे वाटते. ते शंभर रुपये येतात कुठून, हा प्रश्न मी सहसा स्वतःला विचारत नाही, कारण उत्तर ठाऊक आहे. तांब्यासाठी वायरीवरचे प्लास्टिक उघड्यावर जाळतात. सर्किट बोर्ड शेगडीवर तापवून त्यावरचे भाग सुटे करतात, मग धातूसाठी तो आम्लात बुडवतात आणि उरलेले आम्ल गटारात जाते. दिल्लीचे सीलमपूर आणि रामगंगेकाठचे मुरादाबाद या कामासाठी कुप्रसिद्ध आहेत. धूर शोषणारी यंत्रणा, सांडपाण्यावरची प्रक्रिया, कामगाराचे हातमोजे यांवर जो खर्च झालाच नाही, त्यातला एक वाटा ‘चांगला भाव’ म्हणून माझ्या हातावर पडतो. शिसे आणि कॅडमियम ज्याच्या अंगात भिनते, त्याला या सौद्यात कोणी विचारलेले नसते.

इथे मन लगेच दुसरी पळवाट काढते: दोष भंगारवाल्याचा. पण तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून आलेला तोच असतो, कंपनीचा माणूस आलेला नसतो. जमवाजमवीचे अवघड काम तो करतो; त्याच्याकडून माल पुढे कुठे जातो, हा प्रश्न आहे. पुण्यात १९९३ साली उभी राहिलेली कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि २००८पासून काम करणारी ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था पाहिली, की हेच हात मान आणि संरक्षण मिळवून काम करू शकतात याची खात्री पटते. ई-कचरा सुटा करणाऱ्या कामगारांची नोंदणी, प्रशिक्षण आणि आरोग्याची देखरेख ही कामे नियमांनी राज्याकडे सोपवली आहेत. ती माझ्या शहरात होतात का, असे मी मत मागायला आलेल्या एकाही उमेदवाराला विचारलेले नाही. रस्ता, पाणी, पार्किंग मात्र तोंडपाठ असते.

पुनर्चक्रण करणाऱ्याला किलोमागे किमान २२ रुपये द्यावेत असे सरकारने ठरवले, तेव्हा काही बड्या उत्पादकांनी कोर्ट गाठले. ते वाचून मी चिडलो होतो. खर्च वाढतो, ही त्यांची तक्रार. शंभर रुपयांसाठी माझी चाललेली ओढाताण तिच्याहून वेगळी आहे का? २०१६च्या नियमांत अनामत रकमेचीही सोय होती: विकताना जादा पैसे घ्यायचे आणि वस्तू परत आली की व्याजासह फेडायचे. ती उद्या सक्तीची झाली आणि फ्रिजच्या किमतीत दोन हजारांची भर पडली, तर कुरकुरणाऱ्यांत मी पुढे असेन.

सगळ्यात अवघड जागा याच्याही पुढे आहे. साडेतीन मुहूर्तांवर आपण वस्तू घेतो, खंडेनवमीला कॉम्प्युटरवर हळदकुंकू वाहतो आणि पुढच्या पाडव्याला एक्स्चेंज ऑफर शोधतो. जुना फोन ‘योग्य ठिकाणी’ दिला की नवा घ्यायला मन मोकळे होते. पुण्य झाले, आता खरेदी. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातल्या जेमतेम २२.३ टक्क्यांचे रीतसर संकलन व पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. आकडा पाहून टक्केवारी वाढवायला हवी असे मी पटकन म्हणतो, मूळ टन कमी व्हायला हवेत असे म्हणताना जीभ अडखळते. नियम वस्तूचे सरासरी आयुष्य धरून चालतात. माझ्या हाती ती किती टिकली, हे मोजायला कोणी येत नाही.

तेव्हा नोंदणीकृत ठिकाणीच वस्तू द्यायची आणि भावातला फरक सोडायचा, एवढे मी आज ठरवू शकतो. ते स्वस्तात होते. चालू असलेला फोन केवळ कंटाळा आला म्हणून बदलायचा नाही, हे ठरवताना मात्र मी सबबी आधीच गोळा करतो: कॅमेरा, बॅटरी, अपडेट. बॅटरी नवी बसवता येते. उरलेल्या दोन सबबींना गरज म्हणायचे की हौस, याचा निवाडा करायला मंडळ नाही, दंड नाही, प्रमाणपत्रही नाही. तो माझा मलाच करायचा आहे, आणि खरे सांगायचे तर निकाल बहुतेक वेळा हौसेच्या विरोधात जाईल हे मला आजच माहीत आहे.