प्रमाणपत्राच्या आधी

जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातलं एखादं मूल चौथीत येऊनही वाचत नसेल, तर त्याची कारणं सगळ्यांपाशी तयार असतात. आईबाप मजुरीच्या मागे, घरात पुस्तक नाही, बोली वेगळी, शाळा दोनशिक्षकी. यातलं काहीच खोटं नाही. पण त्याच वाडीतली, तीच बोली बोलणारी बाकीची मुलं वाचू लागली आणि हे एकटंच अडलं, याचा उलगडा या कारणांनी होत नाही. पुण्यातल्या एखाद्या शाळेत त्याच्या बाबतीत डिस्लेक्सियाची शंका तरी घेतली गेली असती. इथे ते ‘ढ’ ठरतं आणि विषय संपतो.

महाराष्ट्रात या प्रश्नाची जाण तशी लवकर आली. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ साली उभी राहिली. दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू लागल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने डिस्लेक्सिया जिच्यात मोडतो त्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेला २१ दिव्यांगत्वांच्या यादीत जागा दिली. मात्र सगळा रोख या सवलतींसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रावर राहिला. या पट्ट्यातल्या आहुपे किंवा घाटघरहून त्यासाठी शहरातल्या रुग्णालयात खेटे घालायचे, तर दर खेपेला मजुरी बुडते. एवढं करून मिळालेला कागद परीक्षेत वेळ वाढवून देतो, वाचायला शिकवत नाही. वाचता येत नाही म्हणून सातवी-आठवीतच शाळा सुटलेल्या मुलाला त्या वेळेचा काय उपयोग?

या भागातल्या प्रत्येक मुलाला माहीत असलेला शब्द घ्या: बिबट्या. फळ्यावर पहिली वेलांटी ‘ब’च्या आधी दिसते, उच्चारात मात्र नंतर येते. पुढे अर्धा ‘ट’ ‘य’ला चिकटतो, त्यावर काना. डिस्लेक्सिया असलेलं मूल शब्दातले आवाज सुटे करताना आणि ते अक्षरांशी जोडताना अडतं. ‘बि… बिब…’ करत ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत ओळीची सुरुवात विसरलेली असते. आपली लिपी उच्चाराला बरीच धरून चालते, त्यामुळे असं मूल चुकतं कमी, रखडतं जास्त. इटालियन आणि जर्मन वाचणाऱ्या मुलांतही हेच आढळलं आहे. रखडणाऱ्याकडे पाहून ‘सरावाने येईल’ म्हटलं जातं आणि वर्ष निघून जातं.

शेजारचं दुसरं मूल ‘बिबट्या उसात शिरला’ हे वाक्य खडाखडा वाचतं, आणि कुठे शिरला असं विचारलं की गप्प होतं. त्याचं अक्षरांशी जमतं, भाषेशी जमत नाही. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ साली मांडलं, की वाचून समजणं हा अक्षरं उलगडणं आणि भाषा कळणं यांचा गुणाकार आहे. एक बाजू शून्य असेल तर उत्तरही शून्यच येतं. म्हणून या दोन मुलांना एकच बाराखडी पुन्हा गिरवायला लावणं हा दोघांवरही अन्याय आहे.

या दुसऱ्या मुलाची अडचण, म्हणजे भाषाविकार, ओळखताना इथे मोठी जोखीम आहे. महादेव कोळी आणि ठाकर मुलांची बोली पुस्तकी मराठीहून वेगळी असते. ते वेगळेपणच दोष मानलं, तर अर्ध्या वर्गावर शिक्का बसेल. म्हणून मुलाला त्याच्या बोलीतच बोलतं करावं: बाळहिरडा कसा गोळा करता? झाडावर कोण चढलं, खाली कोण वेचत होतं, वाळून फळं काळी कशी पडली हे रंगवून सांगणाऱ्या मुलाच्या भाषेत खोट नाही. त्याला प्रमाण मराठीची सवय व्हायची आहे, इतकंच. पण ज्याला घरच्या बोलीतही हा क्रम लावता येत नाही, जे बोलायलाच फार उशिरा लागलं असं आजी सांगते, त्याच्यापाशी थांबलं पाहिजे. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची ‘डाली’ ही डिस्लेक्सियाची चाचणी २०१५ पासून मराठीतही आहे. तरीही अशा चाचणीइतकीच त्या आजीची साक्ष मला मोलाची वाटते.

निदान व्हायच्या आधीच शिकवायला लागावं, असं माझं ठाम मत आहे. चार-पाच मुलं, रोज वीस मिनिटं. बि, ब, ट्या: शब्दाच्या प्रत्येक तुकड्याला एक चिंचोका. पहिला उचलला तर काय उरलं? ‘बट्या’. मग वेलांटी असलेले शब्द, ते पक्के झाल्यावरच जोडाक्षरं, आणि मागचं रोज पुन्हा. सोनाली नाग यांच्या कन्नडमधल्या अभ्यासातून दिसतं, की अशा लिपीतली सगळी अक्षररूपं पक्की व्हायला एरवीच्या मुलांनाही चौथी-पाचवी उजाडते. तेव्हा पहिलीत बाराखडी ‘संपवण्याची’ घाई कशासाठी? दुसऱ्या प्रकारच्या मुलाशी आधी भरपूर बोलायचं, गोष्ट चित्रांच्या क्रमाने त्याच्याकडून वदवून घ्यायची, नवा शब्द आठवडाभर वेगवेगळ्या वाक्यांत वापरायचा. ज्याला कसलाच विकार नाही, त्याचंही यात नुकसान होत नाही. काही महिने नेटाने असं शिकवूनही जे अडेल, त्याला रुग्णालयात जरूर न्यावं, आणि सोबत शिक्षकाची रोजच्या नोंदींची वही द्यावी.

गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांवर अनेक शाळांचा भार असतो. त्यामुळे रोज शिकवण्याचं हे काम वर्गशिक्षकालाच उचलावं लागेल, आणि त्यासाठी त्याच्यावरची माहिती भरण्याची कामं कमी करावी लागतील. आश्रमशाळेत मुलं संध्याकाळीही हाताशी असतात. घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने येत्या जूनमध्ये आपल्या आश्रमशाळांतल्या दुसरीच्या वर्गांपासून याची सुरुवात करावी.