पाठभेद

एम.ए.ला असताना संशोधनपद्धतीच्या तासाला ज्ञानेश्वरीच्या तीन छापील प्रती शेजारी ठेवून पाठभेद टिपायला बसलो. एका ओवीतला एक शब्द तिन्हीकडे वेगळा. पेन्सिल हातातच राहिली. आजी जी पोथी कपाळाला लावल्याशिवाय उघडत नाही, तिच्यातला शब्द मी चुकीचा ठरवायचा? पाप तर नव्हे हे? मग संत एकनाथ आठवले. 1290च्या या ग्रंथात शिरलेले अपपाठ त्यांनी 1584 साली काढून टाकले. नाथांची श्रद्धा काय कमी होती? ज्ञानदेवांचा नेमका शब्द शोधणं हीसुद्धा उपासनाच, असं मी मानतो. फक्त आपल्याला आवडलेला पाठ निवडायचा मोह सोडावा लागतो, आणि तो फार चिवट असतो.

दुसऱ्या दिवशी आजीकडे पोथी मागितली. तिने आधी हात धुवायला लावले, मग दिली. ती माझी चौथी प्रत.