दुसरी साक्ष काढल्याशिवाय नाही

चि. मृण्मयी,

आता तू डेक कॅडेट म्हणून जहाजावर चढशील. आपण कुठे आहोत हे ब्रिजवरच्या पडद्यावर सतत दिसत राहील. त्या एकट्या पडद्यावर विसंबू नयेस, म्हणूनच हे पत्र.

समुद्रात आपली जागा कळण्यासाठी माणसाने शतकं घालवली आहेत. अक्षांश ध्रुवताऱ्याच्या किंवा मध्यान्हीच्या सूर्याच्या उंचीवरून मिळे. रेखांश मात्र हाती लागत नसे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून मूळ बंदराची नेमकी वेळ कळली की ती जहाजावरच्या स्थानिक वेळेशी ताडून रेखांश निघतो. पण डोलत्या जहाजावर बिनचूक चालणारं घड्याळच नव्हतं. ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये त्यासाठी २०,००० पौंडांपर्यंत बक्षीस लावलं. जॉन हॅरिसनचं चौथं घड्याळ १७६१ मध्ये जमैकाच्या सफरीवर निघालं आणि कसोटीला उतरलं. घड्याळ चार सेकंद चुकलं तर विषुववृत्तावर एक सागरी मैल चुकतो, यावरून त्याची करामत ओळख. तरीही १८३१ मध्ये निघालेल्या ‘बीगल’ जहाजावर अशी २२ घड्याळं, म्हणजे क्रोनोमीटर, होती. एकट्या घड्याळाच्या शब्दावर कुणी जात नसे.

एकाच उत्तरावर विसंबलं की काय होतं ते बघ. ८ सप्टेंबर १९२३ च्या रात्री कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत अमेरिकी विनाशिकांचा ताफा धुक्यातून २० नॉटने चालला होता. आघाडीच्या ‘डेल्फी’वर जागा डेड रेकनिंगने, म्हणजे वेग, दिशा आणि वेळ यांच्या हिशेबाने काढली होती. किनाऱ्यावरच्या रेडिओ स्टेशनचं बेअरिंग सांगत होतं, तुम्ही अजून सांता बार्बरा चॅनेलच्या उत्तरेलाच आहात. तंत्र नवं, म्हणून ते मानलं नाही. खोली मोजायला वेग कमी करावा लागला असता. तोही केला नाही. चॅनेल आला असं समजून ताफा पूर्वेला वळला. होंडा पॉइंटच्या खडकांवर सात विनाशिका फुटल्या, २३ जीव गेले.

पडद्यावर जागा दाखवणारा जीपीएसचा सिग्नलही आज दाबता येतो, खोटाही पाठवता येतो. म्हणून किनारा दिसत असेल तर दीपगृहाचं बेअरिंग आणि रडारवरचं अंतर घे, इको साउंडरची खोली नकाशाशी ताडून पाहा. भर समुद्रात सेक्स्टंट काढ. त्यात सूर्याची खालची कड क्षितिजाला नुसती टेकली की कोन आणि सेकंदासकट वेळ टिपून घे आणि गणित हाताने सोडव.

दोन उत्तरं जुळली नाहीत तर सोयीचं उचलू नकोस. कॅडेट आहेस म्हणून गप्पही बसू नकोस. वॉचवरच्या ऑफिसरला लगेच सांग. शंका खोटी ठरली तर चार शब्द ऐकावे लागतील, ते ऐकून घे. पण पुढच्या वेळीही तितक्याच लगेच सांग.

तुझा,
मामा