न पेटणारा दिवा

मोटारीची किल्ली फिरविताच एअरबॅगचा दिवा काही क्षण पेटतो आणि यंत्रणेची तपासणी पुरी होताच विझतो. तो पेटलेलाच राहिला, तर अपघातसमयी एअरबॅग उघडेल याचा भरवसा नाही. दोष कोठे आहे, हे मात्र दिवा सांगत नाही. कधी सीटखालची जोडणी सैल असते, तर कधी स्टिअरिंगमधील तार तुटलेली. दोष तसाच ठेवून स्कॅनरने नोंद पुसली, तर दिवा पुन्हा पेटतो. मग कोणी दिवाच निकामी करतो! म्हणून भिलाईचा जाणता मेकॅनिक किल्ली फिरविताना मुळीच न पेटणाऱ्या दिव्याबद्दलही साशंक असतो.

सदसद्विवेकबुद्धीचेही असेच नाही काय? तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल तिच्याविषयी जो ग्रीक शब्द योजतो, त्यात तापल्या लोखंडाने डाग देण्याची कल्पना आहे. १९५९ पासून पोलादाच्या भट्ट्यांशेजारी राहणाऱ्या भिलाईकरांना ती समजावून सांगावयास नको. खोल भाजलेल्या जागेला वेदनाच कळत नाही.

मन टोचत नाही, एवढ्यावरून आपण निर्दोष ठरतो काय? ही शांती आहे की बधिरता? देवाच्या वचनासमोर बसल्यावर अंतरीचा दिवा क्षणभर तरी पेटतो का, हे पाहावे. पेटत असेल, तर देवाचे आभार मानावेत आणि दोष शोधावयास लागावे.