धसका आणि जागर

मेक्सिकोच्या वाहाका राज्यात उंच डोंगरांमध्ये वाउत्ला दे हिमेनेस नावाचे गाव आहे. तिथल्या मासातेक लोकांत एक दुखणे मानले जाते. स्पॅनिशमध्ये त्याला 'सुस्तो' म्हणतात. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: धसका. माणूस पुरातून वाचतो, डोळ्यांदेखत अपघात पाहतो, घरातले कुणी अचानक जाते आणि त्यानंतर त्याची भूक मरते, झोप उडते, बोलणे आटते. मासातेक समजुतीनुसार त्याचा आत्मा भ्यालेला असतो आणि जिथे भ्याला तिथेच मागे राहिलेला असतो. त्याला परत आणायला एक अख्खी रात्र राखून ठेवतात. त्या रात्रीला 'वेलादा' म्हणतात, म्हणजे जागरण. मी तिला जागर म्हणेन, कारण देवापुढे रात्र जागवण्याचा भाव त्यात पुरेपूर आहे.

या जागराचे औषध म्हणजे पावसाळ्यात उगवणारी एक अळंबी. वाउत्लाची विख्यात वैदू मारिया साबिना या अळंब्यांना 'पवित्र लेकरे' म्हणत असे. त्या खाण्याआधी आणि नंतर काही दिवस ब्रह्मचर्य पाळायचे, कोपाल नावाच्या डिंकाचा धूप घालायचा, अळंब्या जोडीजोडीने मोजून खायच्या आणि दिवा मालवून अंधारात बसायचे, हा तिथला रिवाज. हौस म्हणून कुणी त्या खात नसे. घरात दुखणे आले तरच त्या काढल्या जात.

२९ जून १९५५ च्या रात्री हा रिवाज पहिल्यांदा वाकला. न्यूयॉर्कमधल्या एका बड्या बँकेचे उपाध्यक्ष आणि अळंब्यांचे अभ्यासक गॉर्डन वॉसन त्या रात्री मारिया साबिनाच्या जागराला बसले. त्यांनी लिहून ठेवलेला एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. मातीच्या घरात वीसेक माणसे जमली होती. वॉसन यांना अळंब्यांच्या सहा जोड्या मिळाल्या आणि मारिया साबिनाने स्वतःसाठी तेरा घेतल्या. मग तिने वेदीवरच्या गुच्छातले एक फूल तोडले आणि त्या फुलानेच शेवटची मेणबत्ती विझवली.

सहा आणि तेरा. रोग्याला औषध देऊन वैद्याने बाजूला व्हायचे, ही आपल्या सवयीची रीत. इथे वैद्य रोग्याच्या दुप्पट औषध स्वतः घेते, त्याच्याबरोबर त्याच अंधारात उतरते आणि वाट दाखवत पहाटेपर्यंत गात राहते. त्या गाण्यात ओळीओळीच्या शेवटी 'त्सो' हा शब्द येतो. त्याचा अर्थ 'म्हणे'. अभंगाच्या शेवटी येणाऱ्या 'म्हणे'मागे संताचे नाव उभे असते. मारिया साबिनाच्या 'म्हणे'मागे तिचे नाव नव्हते. बोलतात ती लेकरे, आपण फक्त तोंड, अशी तिची श्रद्धा होती. ज्याचे बोलणेच आटले आहे, त्या माणसाच्या शेजारी कुणीतरी रात्रभर बोलत राहते. बरे होण्याची सुरुवात मला तिथे दिसते.

मग काय, अळंबी निमित्तमात्र? तसेही नाही. स्विस रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉफमन यांनी १९५८ मध्ये तिच्यातले द्रव्य वेगळे केले आणि त्याला सायलोसायबिन हे नाव दिले. १९६२ मध्ये ते त्याच्या गोळ्या घेऊन थेट वाउत्लाला गेले. मारिया साबिनाने गोळ्या घेतल्या. अंमल चढायला नेहमीपेक्षा वेळ लागला, पण पहाटे तिने निर्वाळा दिला की गोळीतही तोच गुण आहे. आता अळंब्या नसतील त्या महिन्यांतही लोकांच्या उपयोगी पडता येईल, याचा तिला आनंद झाला. म्हणजे द्रव्य खरेच काम करते. मात्र ती गोळीही तिने जागरातच घेतली होती, हे विसरून चालणार नाही.

आजच्या प्रयोगशाळांना हीच गोष्ट नव्याने उमगते आहे. सायलोसायबिनचे शरीरात सायलोसिन होते आणि ते मेंदूतल्या सेरोटोनिनच्या एका ग्राहीवर काम करते. त्यामुळे दुःखाची तीच ती चाकोरी काही तास सैल होत असावी, असे संशोधक मानतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांच्या चमूने जीवघेण्या कर्करोगाने खचलेल्या ५१ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतरही सुमारे ८० टक्के रुग्णांचे नैराश्य आणि चिंता लक्षणीय कमी होती. पण तिथे नुसती गोळी हातात दिली जात नव्हती. आधी कित्येक तास बोलून विश्वास जोडला जाई. गोळी देण्याच्या दिवशी मंद उजेडाची खोली, डोळ्यांवर पट्टी, कानांवर संगीत आणि शेजारी पूर्णवेळ बसलेली माणसे असत. नंतर अनुभवाचा अर्थ लावायला पुन्हा बैठका होत. वेदी नाही, कोपालचा धूप नाही, पण सांगाडा जागराचाच आहे.

या औषधाबद्दल आस्था आहे म्हणूनच त्याच्या मर्यादा स्पष्ट सांगायला हव्यात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या २३३ रुग्णांवरील चाचणीत २५ मिलिग्रॅमच्या एका मात्रेनंतर तीन आठवड्यांनी ३७ टक्के रुग्णांना चांगला उतार पडला. एक मिलिग्रॅम घेतलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होते. पण बारा आठवडे टिकलेला उतार २५ मिलिग्रॅमच्या गटातही सुमारे २० टक्क्यांपुरताच उरला. काहींच्या मनात आत्महत्येचे विचारही आले. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असलेल्यांना, अनेकदा घरात तसा इतिहास असलेल्यांनाही, अशा चाचण्यांत घेत नाहीत, कारण त्यांचे मन कायमचे उसवू शकते. रानातली चुकीची अळंबी यकृत निकामी करून जीव घेते. शिवाय भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार सायलोसायबिन जवळ बाळगणे गुन्हा आहे. म्हणून हा लेख वाचून कुणी स्वतःवर प्रयोग करू नयेत.

आणि एक ऋण मान्य करायला हवे. १९५७ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात वॉसन यांचा लेख आला. त्यांनी मारिया साबिनाचे नाव बदलले होते, तरीही लोकांनी तिला शोधून काढले. आजारी नसलेल्या पाहुण्यांचे लोंढे वाउत्लात आले, पोलीस आले, गावाचा रोष तिच्यावर निघाला, तिचे घर जाळले गेले. परक्यांनी कसलेही दुखणे नसताना खाल्ल्यापासून लेकरांचे बळ गेले, असे ती उतारवयात सांगे. १९८५ मध्ये ती गरिबीतच वारली. तिच्या अंगणातून निघालेल्या द्रव्यावर आज कंपन्या उभ्या आहेत.

तिच्या त्या तक्रारीत मला एक निदान दिसते. दुखणे नसताना, सोबत नसताना, बंधन नसताना तेच द्रव्य दुबळे होते, कधी घातकही. उद्या ही गोळी आपल्याकडे रीतसर आली, तर पहिला मोह वेळ वाचवण्याचा होईल. ओसंडून वाहणाऱ्या बाह्यरुग्ण विभागात गोळी देणे सोपे आहे, आठ तास शेजारी बसणे महाग आहे. तरीही धसक्याने मागे राहून गेलेल्या माणसाला आणायला कुणीतरी त्याच्यापर्यंत जावेच लागते. म्हणून त्या दिवशी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिलिग्रॅमच्या शेजारी माणसाच्या सोबतीचे तासही लिहिलेले असावेत, आणि त्यांतला एकही तास कुणाला कापता येऊ नये.