गेंड्याचं पिल्लू आणि हेटीकुंडीचा वळू

बंदिवासात गेंड्याची मादी गाभण राहावी यासाठी माणसाने किती कष्ट घेतले असतील, याची कल्पना गुरं राखणाऱ्याला चटकन येईल. गाय माजावर आली की हंबरते, बेचैन होते. आज भरवायला हवी, हे घरातली म्हातारीही सांगते. सुमात्रन गेंड्याचं तसं नाही. १८८९ मध्ये कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात या जातीचं एक पिल्लू जन्मलं. त्यानंतर ११२ वर्षं जगात कुठेही, कुणालाही ते साधलं नाही. नर-मादी एकत्र सोडले तर एकमेकांना फाडायला उठत, वेगळे ठेवले तर काहीच घडत नसे.

अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात शास्त्रज्ञ टेरी रॉथ यांनी सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्यांनी एमी नावाच्या मादीचा महिनोन् महिने माग काढला. नर लागल्याशिवाय या मादीचं बीज सुटतच नाही, हे त्यातून उलगडलं. मग नर सोडायचा दिवस ठरवता येऊ लागला. एमीने पाच वेळा गाभ टाकला. सहाव्या खेपेला तिला गर्भ टिकवणारं संप्रेरक दिलं आणि सप्टेंबर २००१ मध्ये अंदालास जन्मला. पुढे त्याला सुमात्राच्या वे कंबास राष्ट्रीय उद्यानात नेलं. तिथे २०१२ मध्ये तो बाप झाला. मला हे विज्ञानातलं फार मोठं काम वाटतं, कारण त्यात यंत्रांइतकाच एका जनावराजवळ चिकाटीने बसून राहण्याचा वाटा आहे. पण पुढचंही सांगायला हवं. एमी २००९ मध्ये अंगात लोह साचत जाण्याच्या आजाराने गेली. तिची मुलगी सुची २०१४ मध्ये त्याच आजाराने गेली.

आपल्याकडच्या एकशिंगी गेंड्याच्या पैदाशीत पाटण्याचं प्राणिसंग्रहालय आघाडीवर आहे. १९७९ मध्ये आसामातून आणलेल्या जोडीपासून तिथे सुरुवात झाली, १९८८ मध्ये पहिलं पिल्लू झालं, पुढे डझनभर गेंडे झाले. ही पिल्लं गेली कुठे? बहुतेक दुसऱ्या प्राणिसंग्रहालयांत, बदल्यात दुसरे प्राणी घेऊन. उत्तर प्रदेशातल्या दुधव्याला उलटा क्रम धरला गेला. आधी तराईतलं गवताळ, पाणथळ रान निवडलं, त्याला विजेचं कुंपण घातलं आणि १९८४ मध्ये आसामातून व नंतर नेपाळमधून रानातलेच गेंडे आणून सोडले. तिथे त्यांची वीण आपोआप वाढली. २०२४ मध्ये काही गेंडे कुंपणाबाहेरच्या जंगलातही सोडले गेले.

वर्धा जिल्ह्यात गेंडा नाही, पण पैदास साधली तरी जनावराला रान कुठलं, हाच प्रश्न आपल्या दारात उभा आहे. गवळाऊ ही इथली गाय. पांढरी-राखी, लांबट अरुंद तोंडाची, बदामी डोळ्यांची, अंगाने हलकी. दूध बेताचं, पण तिचा गोऱ्हा हलक्या रेंगी गाडीला जुंपला की वाऱ्याशी बोलतो. आर्वी, कारंजा, आष्टी या भागांत नंद गवळ्यांनी पिढ्यान् पिढ्या हिची निवड केली, चपळ वळू राखले. जमनालाल बजाजांनी आयुष्याचे अखेरचे महिने गोसेवेला वाहिले, ते याच वर्ध्यात. पुढे ट्रॅक्टर आला, जर्सी आणि होल्स्टीनच्या रेतमात्रा गावोगाव पोचल्या आणि शुद्ध गवळाऊ झपाट्याने कमी झाली. कारंजा तालुक्यातल्या हेटीकुंडीच्या शासकीय प्रक्षेत्रावर ही जात राखली जाते. ते काम मोलाचं आहे, त्याला पैसा आणि माणसं दोन्ही मिळायला हवीत.

पण हेटीकुंडीचा वळू गवळ्याच्या कळपात गेला, तर तो कळप चरणार कुठे? गवळाऊची चाल आणि काटकपणा दावणीला बांधून टिकत नाही. दिवसभर माळ तुडवणाऱ्या गाईंतून तो निवडला गेला आहे. जिल्ह्यातलं बोर अभयारण्य २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं, तेव्हा गाभ्यातली चराई बंद होणं भागच होतं. वाघासाठी ते योग्यच झालं, असं मी मानतो. उरली झुडपी जंगलं. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतली ही खुरटी रानं महसुली दप्तरात अनेक वर्षं ना धड वन, ना धड पडीक, अशी राहिली. गावाची गुरं मात्र तिथेच चरत आली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनच असल्याचा निर्वाळा दिला. इमारती आणि अतिक्रमणांपासून ती वाचेल, याचा मला आनंद आहे.

आता या जमिनीचे आराखडे वनखात्याने करायचे आहेत. त्यात कारंजा-आष्टीच्या झुडपी जंगलांत गवळाऊ कळपांच्या फेरपालटीच्या चराईला जागा नेमून द्यावी, ती ठरवताना हेटीकुंडीचे पशुवैद्य आणि नंद गवळी दोघांनाही बोलवावं. कुठलं गवत कोणत्या नक्षत्रात चारायचं आणि कोणता माळ केव्हा मोकळा सोडायचा, हे सांगू शकणारे म्हातारे गवळी अजून आहेत. त्यांना विचारायचं काम या हिवाळ्यातच सुरू व्हायला हवं.